‘लागलं तर’चं वजन किती?

जुन्नरहून नाणेघाटात गेलात, की घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण दिसतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल जनावरांच्या पाठीवर लादून याच वाटेनं जुन्नरला येई. त्या मालावरची जकात या रांजणात टाकत, असं सांगतात. ओझं आलं, की जकात आलीच!

आज नाणेघाटात कुणी जकात मागत नाही. पण ओझ्यावर जकात घेणारा एक वसूलदार अजून आहे. तो आपल्याबरोबरच चालतो. कोण बरं? आपलं शरीर! पाठीवर जास्तीचं ओझं घ्या, आणि मग बघा. खांदे रग लागून ओरडतात, गुडघे कुरकुरतात आणि दम तर पहिल्याच चढाला लागतो.

थंडीचे दिवस आले, की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत मुलामुलींच्या टोळ्या निघतात. कुणी चावंडला, कुणी जीवधनला, कुणी आहुप्याच्या कड्यावर. एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. अशा एका रात्रीसाठी पाठीवर किती ओझं हवं? चला, हिशेब मांडूया.

वर्गात आला ताणकाटा

आमच्या वर्गात सहलीच्या आदल्या दिवशी आम्ही एक खेळ खेळतो. प्रत्येकानं आपली भरलेली सॅक आणायची आणि ताणकाट्याला अडकवायची. एकदा एका मुलाची सॅक भरली नऊ किलो! आणि त्याचं स्वतःचं वजन होतं ३१ किलो. म्हणजे पठ्ठ्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओझं घेऊन गड चढणार होता.

सॅक उघडली. आतून काय निघालं? जाड ब्लँकेट, दोन जीन्स, चार शर्ट, टर्किशचा टॉवेल, शांपूची अख्खी बाटली, पावडरचा डबा आणि स्टीलचा चार पुडांचा डबा. प्रत्येक वस्तूला त्याचं उत्तर एकच, “आई म्हणाली, असू दे, लागलं तर!”

मुलांनो, सॅकमधली सगळ्यात जड वस्तू हीच. ‘लागलं तर’! काट्यावर ती वेगळी दिसत नाही, पण प्रत्येक कप्प्यात लपून बसलेली असते.

२०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानं शाळेच्या दप्तराला मर्यादा घातली आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे ३१ किलोच्या मुलाला तीन किलो शंभर ग्रॅम. मुक्कामाच्या सहलीला पाणी न्यावंच लागतं, म्हणून थोडी सूट घेऊ. पण पंधरा टक्क्यांच्या वर जायचं नाही. ३१ किलोचे पंधरा टक्के किती? करा बरं गणित! चार किलो साडेसहाशे ग्रॅम.

हलकं व्हायचं कसं?

अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या एक आजी होत्या. अकरा मुलांची आई, नातवंडांची आजी. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या ॲपलाशियन नावाच्या डोंगररांगेतली सुमारे ३,३०० किलोमीटरची वाट एकट्या चालून गेल्या. जवळजवळ पाच महिने! पाठीवर तंबू नव्हता की मोठी सॅक नव्हती. स्वतः शिवलेली जाड कापडाची एक पिशवी खांद्याला, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत एक कांबळं आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. एकाच हंगामात ती सगळी वाट एकटीनं चालणारी ती पहिली स्त्री ठरली.

पुढं १९९० च्या दशकात रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकानं हाच विचार पुस्तकातून मांडला. त्यानं आणि त्याच्या पत्नीनं आपल्या हलक्या सॅक स्वतः शिवल्या होत्या. आता दुकानांत ‘अल्ट्रालाइट’ नावाचं सामान मिळतं आणि त्याच्या किमती ऐकून पालकांना घाम फुटतो. पण मूळ गोष्ट तर घरी शिवलेल्या पिशवीची आहे! हलकं होण्यासाठी आधी काही विकत घ्यावं लागत नाही, आधी काढून ठेवावं लागतं. त्यामुळे ज्याच्या घरी महागडी सॅक नाही, तोही मागं राहायला नको.

आपल्याकडच्या मेंढपाळांना ही विद्या कधीपासून येते! त्यांचं घोंगडं पाहा. रात्री अंथरूण, थंडीत पांघरूण, पावसात डोक्यावरची खोळ आणि दुपारी बसायला आसन. वस्तू एक, कामं चार. हाच आपला नियम. एकाच कामाची वस्तू दिसली, की तिला विचारायचं, “बाई गं, तुझ्यावाचून अडेल का?”

आमची यादी

मग आम्ही त्या मुलाची सॅक पुन्हा भरली. टॉवेलच्या जागी पंचा आला. जीन्स भिजली की वाळत नाही, म्हणून ती घरीच राहिली. डब्याऐवजी दशम्या स्वच्छ फडक्यात बांधल्या. ही पाहा नवी यादी, वजनं अंदाजे आहेत:

रिकामी सॅक – ४०० ग्रॅम
शाल किंवा पातळ पांघरूण – ५०० ग्रॅम
स्वेटर – ३५० ग्रॅम
एक शर्ट, आतले कपडे, मोजे, पंचा – २५० ग्रॅम
प्लॅस्टिकचा कागद (बसायला, अंथरायला, पाऊस आलाच तर पांघरायला) – २०० ग्रॅम
बॅटरी – १०० ग्रॅम
ताटली, पेला, चमचा – १५० ग्रॅम
शिट्टी, साबणाचा तुकडा, औषधं – १०० ग्रॅम
दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे – ५०० ग्रॅम
दोन लिटर पाणी, साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत – २ किलो ५० ग्रॅम

बेरीज करा. चार किलो सहाशे ग्रॅम! नऊ किलोचं ओझं जवळपास निम्म्यावर आलं. शिवाय पाणी आणि खाऊ संपत जातील, तशी सॅक आणखी हलकी होईल.

काही गोष्टी वाटून घ्यायच्या. प्रथमोपचाराची पेटी सगळ्यांत मिळून एक. चौघांत एक पातेलं. आणि उघड्यावर न झोपता घाटघरसारख्या पायथ्याच्या गावात, मोठ्यांनी आधी विचारून ठेवलेल्या घरी उतरलं, तर तंबूही नको आणि स्टोव्हही नको. चुलीवरची गरम भाकरी मिळते ती वेगळीच!

भरण्याचीही एक रीत आहे. मऊ, हलकं सामान तळाशी. जड वस्तू मध्यावर, पाठीला चिकटून. जड वस्तू पाठीपासून लांब राहिली, तर ती आपल्याला मागं खेचते. चावंडला याचं महत्त्व कळतं. १८१८ साली इंग्रजांनी तिथल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. आता आधाराला रेलिंग आहे, पण तिथं तोल सांभाळूनच चढावं लागतं. अशा जागी मागं ओढणारी सॅक म्हणजे धोकाच.

काय कमी करायचं नाही?

आता कान देऊन ऐका. हलकं होणं म्हणजे निष्काळजी होणं नव्हे.

पहिली गोष्ट, पाणी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. यात कुणी काटकसर करू शकत नाही आणि करूही नये. यादीत सगळ्यात जड तेच आहे, म्हणून काहींना वाटतं, एक बाटली कमी करू. नको! हवं तर दुसरा शर्ट काढा, पण पाणी नाही. गडावरच्या टाक्यांतलं पाणी पिण्यासारखं आहे का, ते गावकऱ्यांना विचारायचं आणि उकळूनच प्यायचं. उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या वाड्यांना स्वतःलाच पाणी पुरत नाही. आपला भार त्यांच्या हंड्यावर कशाला?

दुसरी गोष्ट, बॅटरी आणि शिट्टी. आपला भाग बिबट्यांचा आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्रच आहे. अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर जायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. बॅटरी हातात आणि मोठं माणूस सोबत हवंच.

तिसरी, उबदार कपडा. डिसेंबरातल्या रात्री घाटमाथ्यावरचा वारा हाडं गोठवतो. स्वेटर घरी ठेवून वाचलेले साडेतीनशे ग्रॅम रात्रभर जागं ठेवतील.

आणि चौथी गोष्ट पालकांसाठी. ऐन पावसाळ्यात मुलांना डोंगरात मुक्कामाला पाठवू नका. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. तिथं सॅक हलकी की जड, याला काही अर्थ उरत नाही.

पालकहो, ‘लागलं तर’मध्ये तुमची माया असते, हे आम्हा शिक्षकांना कळतं. पण ती माया पाठीवर नऊ किलोची होते, तेव्हा पोरगं खाली मान घालून चालतं. ना त्याला कडा दिसतो, ना आभाळातली घार. एकदा त्याची सॅक त्यालाच भरू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि पाणी, बॅटरी, स्वेटर तेवढं तपासा.

आणि मुलांनो, सहलीहून आलात, की एक काम करा. सॅकमधलं सामान जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा. रोज लागलं ते, एकदाच लागलं ते आणि लागलंच नाही ते. तिसऱ्या ढिगातली औषधं आणि शिट्टी तेवढी परत सॅकमध्ये टाका. बाकीचा ढीग काट्यावर ठेवा. तेच तुमच्या ‘लागलं तर’चं वजन! तेवढं पुढच्या वेळी घरी ठेवायचं. मात्र खाऊचे रिकामे कागद गडावर ठेवून सॅक हलकी करायची नाही हं! ते परत आणायचे. त्यांचं वजन इतकं कमी, की ताणकाट्याचा काटासुद्धा हलत नाही.