एल-वन म्हणजे स्वस्त नव्हे

“एल-वनला डावलून दुसऱ्याला ऑर्डर दिली तर ऑडिटला काय सांगू?” कुठल्याही परचेस खात्यात बसा, तासाभरात हे वाक्य कानावर पडतंच. ज्याचं कोटेशन सगळ्यात कमी तो एल-वन, आणि एल-वन म्हणजे स्वस्त, असा एक पक्का समज आहे. बाकीचे गैरसमज याच्याच पोटातून निघतात, म्हणून आधी याचाच समाचार घेऊ.

भोसरीतलं एखादं मशिन शॉप घ्या. पंपाच्या बॉडीची कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून मागवायची आहेत. आकडे सोयीसाठी धरलेत, हिशेबाची रीत मात्र खरी. ‘अ’ फाउंड्रीचा दर २०४ रुपये, ‘ब’चा २१२. ‘अ’च्या मालात शंभरातले ८ नग खराब निघतात, ‘ब’च्या मालात एक. आता कास्टिंगमधला ब्लोहोल गेटवर दिसत नाही. बाहेरून नग गुळगुळीत असतो. फेसिंग झालं, बोअरिंगला टूल आत गेलं की मग पोकळी उघडी पडते. तोवर त्या नगावर दीडशे रुपयांचं मशिनिंग झालेलं असतं. खराब कास्टिंगची किंमत डेबिट नोट काढून परत मिळते असं धरू. ते दीडशे रुपये कोण देणार?

हजार चांगले नग हवे असतील तर ‘अ’कडून सुमारे १,०८७ घ्यावे लागतात. ८७ वाया, म्हणजे मशिनिंगचे १३,०५० रुपये पाण्यात. ‘ब’कडून सुमारे १,०१० पुरतात, नुकसान १,५०० रुपये. फरक ११,५५० रुपयांचा. दरात वाचले किती? हजार नगांमागे आठ हजार. थोडक्यात, एल-वनने साडेतीन हजारांचा खड्डा पाडला, आणि दरांच्या तुलनेच्या कागदावर, म्हणजे कंपॅरेटिव्हवर, मात्र ‘बचत ८,०००’ असं लिहून सहीही झाली. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! यात गाडी सोमवारऐवजी गुरुवारी आली म्हणून रिकामे बसलेले ऑपरेटर आणि गिऱ्हाइकाने लावलेला दंड अजून धरलेलाच नाही.

हे काही नवं ज्ञान नाही. संशोधक डिक्सन यांनी १९६६ साली अमेरिका-कॅनडातल्या खरेदी अधिकाऱ्यांना २३ निकषांचं महत्त्व विचारलं होतं. पहिला आला दर्जा, दुसरी वेळेवर डिलिव्हरी, तिसरी मागची कामगिरी. किंमत सहावी. विचारलं की सगळे दर्जा म्हणतात, सही करताना बोट दरावर जातं, ती गोष्ट वेगळी.

बरं, मग सगळी ऑर्डर ‘ब’ला द्यायची? इथे दुसरा गैरसमज येतो: पहिला नंबर ठरला की काम संपलं. ‘ब’ची भट्टी महिन्याला सहाशेच नग देऊ शकत असेल आणि गरज हजाराची असेल, तर प्रश्न ‘कोण?’ हा नसून ‘कुणाला किती?’ हा आहे. ६०० ‘ब’ला, ४०० ‘अ’ला दिले तर खराब नग ६ आणि ३२, मिळून ३८. सरासरी ३.८ टक्के. शॉपने चार टक्क्यांची मर्यादा घातली असेल तर वाटणी जेमतेम बसते. ‘दोघांना निम्मं-निम्मं, भांडण नको’ म्हटलं की तीच सरासरी साडेचारवर जाते. घोडसीपूर आणि ओब्रायन या संशोधकांनी १९९८ मध्ये नेमकी ही सांगड घातली: आधी निकषांना वजन देऊन प्रत्येक पुरवठादाराचे गुण काढायचे, मग क्षमता, दर्जा आणि मागणीच्या मर्यादा सांभाळून गुणांच्या हिशेबाने ऑर्डर वाटायची. पुरवठादार बरेच असतील तर एक्सेलमधला सॉल्व्हर हे करून देतो. दोघांसाठी पाठकोरा कागद पुरतो.

‘सरकारी खरेदीत सगळं एल-वनलाच द्यावं लागतं’ हेही सरसकट खरं नाही. केंद्राच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरणानुसार, एल-वन लघुउद्योग नसेल आणि एखाद्या लघुउद्योगाचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर एल-वनच्या दराला यायची तयारी असल्यास ऑर्डरचा एक हिस्सा त्याला मिळतो. म्हणजे वाटणीची तरतूद खुद्द नियमातच आहे.

‘गुणपत्रक केलं की निवड निःपक्षपाती’ हा समज तर धोक्याचा. कोटेशनं उघडल्यावर निकषांची वजनं ठरवली तर हवा त्याला पहिला आणता येतो. वजनं आधी ठरवा, लेखी ठरवा.

‘दोन पुरवठादार ठेवले की निर्धास्त’ असं म्हणणाऱ्यांनी २०११ चा जपानचा भूकंप आठवावा. गाड्यांच्या रंगात चमक आणणारं झिरॅलिक हे रंगद्रव्य जगात एकाच कारखान्यात बनत होतं, फुकुशिमातल्या ओनाहामाच्या मर्क कंपनीच्या. तो बंद पडला आणि तिकडे अमेरिकेत फोर्डला काही काळ्या-लाल छटांच्या ऑर्डरींवर मर्यादा घालावी लागली. रंग कितीही जणांकडून घ्या, सगळ्यांचं मूळ एक असेल तर ते दोन पुरवठादार कागदावरच दोन.

आणि ‘पेमेंट लांबवलं तर तेवढंच व्याज वाचतं’? सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

परचेसवाल्यांना विनंती एवढीच: पुढच्या कंपॅरेटिव्हमध्ये दराच्या शेजारी रिजेक्शन आणि उशीर असे दोन रकाने वाढवा. आकडे कुठे शोधायला नकोत. क्वालिटीच्या रजिस्टरमध्ये आणि स्टोअरच्या माल-आवक पावतीवर (जीआरएन) ते नोंदलेले असतात. ऑडिटला दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल.