उमर थांबवणारी गोळी

इफ्तारनंतर चहा घेताना मामूजाननी सवाल टाकला, ‘बेटा, उमर थांबवणारी गोळी निघाली म्हणे. मला मागवून दे ना!’

ती गोळी म्हणजे रॅपामायसिन. १९६४ साली कॅनडाच्या पथकाने पॅसिफिकमधल्या रापा नुई बेटावरून माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून अखंड पंजाबात जन्मलेल्या सुरेंद्रनाथ सहगल यांनी मॉन्ट्रियलमध्ये हे औषध वेगळं केलं. कंपनीने काम थांबवलं, तेव्हा त्यांनी जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपले. १९९९मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंड-रोपणासाठी. कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं.

मग म्हातारपणाशी संबंध काय? हे औषध पेशीतली वाढीची कळ मंदावतं. वाढ थांबली की पेशी आतला कचरा साफ करते. २००९च्या प्रयोगात, माणसाच्या साठीइतक्या वयाच्या उंदरांना ते दिलं आणि त्यांचं आयुष्य वाढलं. २०१४मध्ये त्याच कुळातलं औषध कमी मात्रेत घेतलेल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांत फ्लूच्या लशीचा परिणाम सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. मात्र २०१९मध्ये त्याच वाटेवरच्या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी ज्येष्ठांचे श्वसनविकार रोखण्यात फसली. शिवाय रॅपामायसिनने तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं.

मी म्हणालो, ‘मामूजान, गोळी राहू द्या. फ्लूची लस घेतलीत का?’

ते गप्प झाले. उद्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे.