तोड, पाळी आणि वाढदिवस

निरवांगी हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील, नीरा नदीकाठचे ऊसबागायतीचे गाव असून नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका सुरू होतो. अशा गावात हिवाळ्यात जन्मलेल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा वाढदिवस करायचा, तर जन्मतारीख पाहून केक सांगितला की काम संपले असे होत नाही. कारखान्याची ऊसतोड, पाण्याची पाळी, डेअरीवर दूध घालण्याची वेळ, पंचांगातील महिना आणि शाळेच्या परीक्षा या सगळ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आधीच व्यापलेले असतात आणि त्यांतून एक संध्याकाळ मोकळी करून घेणे हाच नियोजनातील सर्वांत अवघड भाग ठरतो.

ठरावीक इंग्रजी तारखेला वाढदिवस ही गोष्टही या घरांत फार जुनी नाही. आजच्या आजी-आजोबांपैकी अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आढळते, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि जन्माची नोंद नसलेल्या मुलाला दाखल करून घेताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरून तारीख १ जून लिहीत. आपला जन्म नेमका केव्हाचा, हे त्या पिढीतील माणसे ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असे सांगतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा असला, तरी दवाखान्यातील बाळंतपणे सर्रास होऊ लागल्यावरच नोंदी नेमक्या झाल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार तर त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्म प्रमाणपत्र हाच पुरावा धरला जातो. त्यामुळे एकाच घरात ज्यांना स्वतःची तारीख ठाऊक नाही अशी वडीलधारी माणसे आणि ज्यांना मित्रांच्या तारखाही तोंडपाठ आहेत अशी मुले एकत्र नांदतात. वाढदिवसाचे दोन भागही याच रेषेवर पडलेले दिसतात: सकाळी पाटावर बसवून सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता आणि निरांजन घेऊन केलेले औक्षण हा आजीचा भाग असतो, तर संध्याकाळचा केक हा मुलांचा असतो.

उसाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आणि सोळा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या उसाला आडसाली म्हणतात आणि तो तुटायला येतो तो नेमका याच थंडीत. लागणीच्या तारखेनुसार कारखाना तोडणीचा क्रम लावतो. तरीही टोळी, म्हणजे ऊसतोड मजुरांचा गट, आपल्या फडात नक्की कोणत्या दिवशी शिरणार हे शेतकऱ्याला बहुधा एक-दोन दिवस आधीच कळते आणि ते कळवणारा माणूस म्हणजे कारखान्याचा चिटबॉय असतो. तोडीच्या दिवशी घरातील एकही माणूस रिकामा राहत नाही, कारण टोळीचा चहा, ट्रॅक्टर रुतला तर तो काढण्याची धावपळ, जनावरांसाठी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणे, वाहनचालकाची ‘एंट्री’ आणि टोळीची ‘खुशाली’ या नावांनी होणारी पैशांची घासाघीस हे सारे अंधार पडेपर्यंत चालते. या एंट्री-खुशालीची गणना ना कारखान्याच्या बिलात होते ना कुठल्या पावतीत, पण वाढदिवसाच्या खर्चाएवढी रक्कम त्यात सहज जाते, हे कोणत्याही ऊस उत्पादकाला सांगावे लागत नाही. म्हणूनच समंजस मुले पार्टीचा विषय काढण्याआधी ‘टोळी सध्या कुणाच्यात हाय?’ एवढी चौकशी करून ठेवतात.

पैशाचे गणितही हंगामाशीच बांधलेले असते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. मात्र ती रक्कम हातात येण्याआधीच सोसायटीचे कर्ज, खतवाल्याची उधारी आणि पुढच्या लागणीचे बेणे यांत वाटली गेलेली असते. वाढदिवसाला उपयोगी पडतो तो ‘दुधाचा पगार’, म्हणजे बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी मिळणारे डेअरीचे बिल. हा पैसा लहान असला तरी नियमित असतो आणि पुष्कळ घरांत त्याचा हिशेब आईकडे असतो. पंधरा-सोळा वर्षांचे मूल जेव्हा वडिलांना वगळून आधी आईशी बोलते, तेव्हा त्यात लाडापेक्षा हिशेबाची जाण अधिक असते. घराचा पैसा कुठून येतो आणि कशासाठी अडतो, हे पुष्कळ मुलांना पहिल्यांदा कळते ते याच वाटाघाटीत.

नीरा डावा कालवा हे या पट्ट्याच्या बागायतीचे मूळ असून त्याचे पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झाले. कालव्याच्या शेपटाकडील गावांत आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, आले की ते सोडून चालत नाही. विहिरीच्या व नदीच्या पाण्यालाही शेतीपंपांची वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत असल्याने वेळेचे बंधन असतेच. रात्रपाळी असेल तर घरातील एक पुरुष दारे धरायला, म्हणजे सरीत पाणी सोडणारी मातीची तोंडे एकामागून एक उघडायला व बुजवायला, शेतात थांबलेला असतो आणि थंडीत बोटे बधिर करणारे हे काम टाकून तो केक कापण्यापुरता घरी येऊ शकत नाही. त्यामुळे दिवसाच्या विजेचे दिवस कोणते, हे पाहूनच तारीख थोडी मागे-पुढे केली जाते.

पंचांगाचा प्रश्न मुहूर्ताचा नसून ताटाचा असतो. मार्गशीर्षात अनेक घरी महिनाभर मांसाहार वर्ज्य असतो, गुरुवारी महालक्ष्मीच्या व्रताचा उपवास असतो आणि चंपाषष्ठीला खंडोबाचे नवरात्र उठेपर्यंत काही घरे वांगेही खात नाहीत. शिवाय तुकाराम महाराजांची पालखी ज्या इंदापूर तालुक्यातून पंढरीला जाते, तेथे गळ्यात तुळशीची माळ घातलेले माळकरी बहुतेक प्रत्येक भावकीत असतात. त्यांच्यासाठी अंडेही निषिद्ध असल्याने बेकरीत पहिली अट बिनअंड्याच्या केकची घातली जाते. पौषात उलट सोय होते; लग्ने होत नसल्याने आचारी आणि मंडपवाले मोकळे असतात आणि मार्गशीर्षात फोन न उचलणारा माणूस पौषात स्वतःहून भाव कमी करतो. वाढदिवसाला मुहूर्त लागत नाही, याचा हा व्यावहारिक फायदा फार घरे घेत नाहीत, हे नवलच म्हणायचे.

शाळेविषयी थोडक्यात सांगायचे, तर डिसेंबर हा सहली व स्नेहसंमेलनाचा आणि जानेवारी हा सराव परीक्षांचा महिना असतो. २०२५ मध्ये राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला व दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली, त्यामुळे जानेवारीअखेर जन्मलेल्या दहावीच्या मुलाच्या वाट्याला औक्षण आणि ‘पेपर झाल्यावर बघू’ एवढेच येते.

यानंतर प्रश्न उरतो तो घटकेचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, संध्याकाळची धार साडेपाच-सहाला निघते आणि दूध घालून माणसे परतेपर्यंत सात वाजतात. पण वाड्या-वस्त्यांवर पसरलेल्या मैत्रिणींना सातनंतर थांबता येत नाही. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, मात्र गाडी शाळेच्या वेळेची असते, पार्टीच्या वेळेची नसते. रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या, ऊस बाहेर लोंबणाऱ्या जोड-ट्रॉल्या चालू असतात आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या उसामुळे वळणापलीकडचे काही दिसत नाही. याचा परिणाम असा की मुलीचा वाढदिवस दुपारी चार ते सहा आणि मुलाचा रात्री आठनंतर, अशी विभागणी कोणी न ठरवता होऊन बसली आहे. ती न्याय्य नाही. पण घरोघरी पोचवण्याची जबाबदारी घेणारा एखादा काका जीप घेऊन उभा राहिला की ती मोडतेही, म्हणजे अडचण रीतीपेक्षा वाहनाची अधिक आहे.

केक वालचंदनगर, निमगाव केतकी किंवा बारामतीहून येतो. त्यावरचे पांढरे क्रीम बहुधा दुधाचे नसते. घट्ट केलेले वनस्पती तेल, साखर आणि पायसीकारक, म्हणजे तेल व पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ, एकत्र फेटून ते तयार करतात. एप्रिलच्या उन्हात ते अर्ध्या तासात ओघळू लागते, पण थंडीत आकार धरून राहते, म्हणून हिवाळी केकला वितळण्याची भीती नसते. भीती असते ती रस्त्याची, कारण फडातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर येणारा चिखल डांबरावर वाळून त्याचे दगडासारखे डिखळे होतात आणि दुचाकी त्यांवरून जाताच केक खोक्याच्या भिंतीला जाऊन टेकतो. अनुभवी माणूस दुकानातच पुठ्ठ्याच्या तळाला क्रीमचा ठिपका देऊन केक चिकटवून घेतो, खोके मागे बसलेल्याच्या मांडीवर सपाट ठेवायला लावतो आणि हँडलला पिशवी अडकवण्याचा मोह टाळतो. केक आणायला पुष्कळदा वाढदिवस असलेला मुलगाच गाडी घेऊन निघतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ही गोष्ट मात्र त्या वेळी कोणी काढत नाही.

सजावटीत थंडी स्वतःचे नियम लावते. दुपारी तीस अंशांच्या आसपास असलेली हवा रात्री पंधराच्या खाली उतरली की फुग्यातील हवेचे आकारमान सुमारे पाच टक्के घटते, त्यात रबरातून होणारी गळती मिळून दुपारी तट्ट फुगवलेली कमान केक येईपर्यंत सुरकुतते आणि फुगे दोऱ्यावर सैल होतात. पत्र्याच्या शेडला आतून दहिवर सुटते, म्हणजे बाष्प थंड होऊन त्याचे थेंब धरतात, त्यामुळे चिकटपट्टी सुटून सोनेरी अक्षरांपैकी एखादे खाली येते. फुगे पाचनंतर फुगवणे आणि अक्षरे पत्र्याऐवजी आडव्या सुतळीला बांधणे, हे दोन उपाय आता या भागातील मुलांना माहीत झाले आहेत. फेसाच्या फवाऱ्याबाबत मात्र तेवढे शहाणपण आलेले नाही. स्नो स्प्रेच्या डब्यात फेस बाहेर ढकलण्यासाठी बहुतेकदा ब्यूटेन किंवा प्रोपेनसारखा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे पेटलेल्या मेणबत्तीसमोर तोंडावर मारलेला फवारा केस आणि स्वेटरसकट पेट घेऊ शकतो. आतषबाजीचाही हट्ट असतो. परंतु तोड झालेल्या रानात वाळके पाचट पसरलेले असताना आणि शेजारी कुणाचा तरी तुटायचा ऊस उभा असताना एक बाण किती महाग पडेल, हे सांगायला वडिलांना आवाज चढवावा लागत नाही.

जेवणात पावभाजीचे राज्य आहे, कारण थंडीत मटार, फ्लॉवर आणि टोमॅटो मुबलक मिळतात, आदल्या दिवशी भाज्या चिरून ठेवता येतात आणि माणशी तीन-चार पाव धरले की हिशेब चुकत नाही. वाढलेली भाजी उघड्यावर पाच मिनिटांत गार होते आणि वरचे लोणी थिजते, म्हणून पातेले चुलीवरून न उतरवता मुलांनाच ताट घेऊन चुलीजवळ बोलावणे बरे पडते. ज्यांचे पाहुणे जिरायती भागात आहेत, अशी मुले अलीकडे हुरड्याचा बेत सुचवतात. रब्बी ज्वारीचे दाणे डिसेंबर-जानेवारीत हिरवे, कोवळे आणि दुधाळ असतात त्या अवस्थेला हुरडा म्हणतात. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात, ती आगटी. तिच्या राखेत कणसे खुपसून भाजतात आणि गरम असतानाच तळहातांवर चोळून दाणे सुपात पाडतात. चोळणाऱ्याचे हात भाजतात, काळे होतात आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात सर्वांत शेवटी दाणा जातो. हे काम मुलांकडे आपोआप येते व मोबाइल बाजूला ठेवल्याशिवाय ते होत नाही. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि बोरे एवढे सोबत असले की आचाऱ्याची गरज उरत नाही. केकपेक्षा हा बेत स्वस्त आणि चवीला सरस आहे, तरीही स्टेटसला फोटो मात्र केकचाच लागतो.

रात्रीच्या आवाजाविषयी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम स्पष्ट असून रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हिवाळ्यात त्याला भौतिक कारणही जोडले जाते: निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या थरांपेक्षा थंड होते, या तापमानाच्या विपरीततेमुळे ध्वनिलहरी वर निघून न जाता पुन्हा जमिनीकडे वळतात आणि वस्तीवरचे गाणे नदीपलीकडेही ऐकू जाते. तलवारीने केक कापण्याच्या प्रकारांवर पुणे जिल्ह्यात शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे दाखल झाल्यापासून निदान शाळकरी मुलांच्या पार्टीत तरी बेकरीतून मिळालेली प्लॅस्टिकची सुरीच पुरेशी मानली जाते.

एवढे करूनही ठरलेल्या दिवशीच चिटबॉयचा निरोप आला, तर तोड पुढे ढकलता येत नाही, कारण हुकलेली टोळी पुन्हा केव्हा येईल याची खात्री नसते आणि उभा ऊस वाळून वजनात घटतो. औक्षण फडावर जाण्याआधी सकाळीच उरकले जाते. केकवर क्रीम चढले नसेल तर बेकरीवाला दिवस बदलून देतो. चढले असेल तर तो केक बांधावर, तोडणाऱ्यांच्या कोप्यांतील (झोपड्यांतील) मुलांसह कापून संपवावा लागतो. त्या मुलांचे वाढदिवस, ती बहुतेक बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली असल्याने, दरवर्षी परगावच्या अशाच कुठल्या तरी फडात येतात. मैत्रिणींना घरून दुसऱ्यांदा परवानगी काढावी लागते, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रविवारची नवी वेळ पडते आणि दुधाचा पुढचा पगार त्यातच धरला जातो. मंडपवाल्याला, पौष चालू असेल तर, दोन्ही तारखा सारख्याच.