पोलादातील अदृश्य तडा

झाशी हे मध्य भारतातील लोहमार्गांचे एक मोठे जंक्शन होय. तेथील रेल्वेचा कारखाना १८९५ सालचा आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात असंख्य इंजिने येथे कोळसा व पाणी घेऊन पुढे जात. इंजिनाचा बॉयलर म्हणजे चाकांवर चालणारे दाबपात्रच. त्याच्या तोंडाशी ड्रायव्हर व फायरमन उभे असत. तो फुटल्यास त्यांचा जीव वाचणे कठीण. म्हणून त्याच्या पत्र्याची जाडी फार काळजीपूर्वक ठरविली जाई. तरीही जगात ठिकठिकाणी काही बॉयलरांना असे तडे गेले की, त्यांचे कारण जाडीच्या हिशेबात सापडेना.

हा हिशेब सोपा आहे. आतील दाबास नळकांड्याच्या व्यासाने गुणावे आणि पत्र्याच्या दुप्पट जाडीने भागावे, म्हणजे पत्र्यावरील ताण मिळतो. १९४७ साली भारतात आलेल्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनांत वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५ किलोग्रॅम असे. उदाहरणादाखल व्यास १८० सें.मी. व जाडी २ सें.मी. धरली, तर ताण दर चौरस सेंटिमीटरला ६७५ किलोग्रॅम येतो. बॉयलरचे मऊ पोलाद तुटण्यास सुमारे ४,००० किलोग्रॅम ताण लागतो. म्हणजे पत्रा गरजेच्या जवळजवळ सहापट बळकट ठरतो. मग त्यास तडा का जावा?

याचे उत्तर पाण्यात आहे. जड पाण्यामुळे बॉयलरच्या आत क्षारांचे कठीण पुट धरते. ते टाळण्यासाठी पाण्यात धुण्याचा सोडा घालीत. उष्णतेने त्याचे विघटन होऊन थोडा कॉस्टिक सोडा तयार होतो. पाण्यात विरलेला असताना तो निरुपद्रवी असतो. परंतु रिव्हेटचा सांधा किंचित गळू लागला की, पत्र्यांच्या फटीत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर जाते आणि सोडा मागे राहतो. असे दिवसेंदिवस घडून फटीतील द्रावण अतिशय तीव्र बनते. नेमक्या त्याच ठिकाणी रिव्हेट ठोकताना पत्र्यात मोठा ताण कोंडून राहिलेला असतो. या दोहोंच्या संयोगाने पोलादाच्या स्फटिककणांच्या सीमांवरून बारीक तडे पसरू लागतात. पत्रा झिजत नाही, त्यावर गंजही दिसत नाही. तडा रिव्हेटच्या डोक्याखाली लपून वाढतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पार व स्ट्राउब यांनी या प्रकाराचा विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत विशेष अभ्यास केला.

असाच प्रकार पितळेतही आढळला. हिंदुस्थानातील लष्कराच्या साठ्यांत ठेवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. काडतूस घडविताना धातूत उरलेला ताण आणि दमट हवेतील अमोनिया ही त्याची कारणे होती. यावरून नियम स्पष्ट होतो. ताण, विशिष्ट द्रव्य आणि त्या द्रव्यास बळी पडणारा धातू या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच असा तडा पडतो. तिन्हींपैकी एक दूर केली की धोका टळतो.

दाबपात्रांच्या आधुनिक रचनेत हेच सूत्र पाळले जाते. रिव्हेटच्या जागी वेल्डिंग आल्यामुळे सोडा साठविणाऱ्या फटी नाहीशा झाल्या. झाशी जिल्ह्यातील पारीछा येथे १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या औष्णिक वीजकेंद्राच्या पिढीतील बॉयलर वेल्डिंगचेच असतात. मात्र वेल्डिंगच्या जोडाजवळही ताण कोंडतो. म्हणून जाड पात्र सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश थंड करतात. पाण्यातील सोड्याचे प्रमाण मर्यादेत ठेवतात. द्रवरूप अमोनियाच्या पोलादी टाक्यांत शेकडा ०·२ इतके पाणी मिसळल्यास तडे रोखले जातात. धातूची निवडही विचारपूर्वक करावी लागते. सामान्य गंजास दाद न देणारे अगंज पोलादसुद्धा मिठासारख्या क्लोराइडयुक्त गरम पाण्यात ताणाखाली तडकू शकते.

तात्पर्य, पत्रा केवळ जाड केल्याने पात्र सुरक्षित होत नाही. त्यात काय भरावयाचे आहे आणि ते घडविताना धातूत किती ताण मागे राहिला आहे, हेही अभियंत्यास जाणून घ्यावे लागते. शिवाय डोळ्यांस न दिसणारा तडा शोधण्यासाठी स्वनातीत लहरींनी व चुंबकीय चूर्णाने जोडांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. बॉयलरजवळ काम करणाऱ्यांचा जीव या दक्षतेवर अवलंबून असतो.