रानातली मंडळी : खाटेवरच्या माणसाला काय सांगायचं?

या सदरातून आज सिरोंच्याला जायचं ठरलं होतं. प्राणहितेच्या काठावरचं मेथडिस्ट मिशन, तिथली तेलुगू बोलणारी मंडळी, असं सगळं मांडून बसलो होतो. तेवढ्यात मूल गावाहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. ते बाजूला सारून पुढं जाणं मला जमेना. सिरोंचा आता थोडं थांबेल.

गुरुजी लिहितात : ‘तुम्ही दवाखाना, शाळा, वसतिगृह आणि सुवार्ता ही सगळी एका ओळीत बसवता. आमच्या भागातले लोक जे विचारतात तेच मी विचारतो. ज्याचं पोर तापानं फणफणलंय तो दवाखान्यात औषधासाठी येतो. त्याला तिथं येशूबद्दल सांगणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं नाही का? आणि सांगायचंच नसेल तर मग त्याला मिशन कशाला म्हणायचं?’

पहिला प्रश्न मी बऱ्याचदा ऐकला आहे. दुसरा फार थोडे लोक विचारतात आणि मला तो जास्त अवघड वाटतो. गुरुजींनी दोन्ही एकाच कागदावर लिहिले याचा मला आनंद आहे, कारण चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मिशनचा इतिहास या दोन प्रश्नांच्या मधूनच गेलेला आहे.

सुरुवात नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांपासून करतो. जन्म १८२५चा, झांशीकडचा. वाढले काशीत. चित्पावन घर आणि संस्कृत शास्त्रांचा खोल अभ्यास. मिशनरी चुकतात कुठं ते दाखवून द्यायच्या हेतूनं त्यांच्याशी वाद घालायला गेले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ आला. पुढं पंडिता रमाबाईंच्या शंकांना उत्तरं देणारे ते हेच. १८७०च्या सुमारास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चनं चांद्याला काम सुरू केलं, तेव्हा तिथं पहिल्यांदा येऊन राहिले तेही गोऱ्हेच. रेल्वे अजून चांद्यापर्यंत पोचली नव्हती. गोंड राजांचा परकोट, त्याच्या वेशी, आत विणकर-कोष्ट्यांची वस्ती आणि बाहेर लगेच जंगल, असं ते गाव. स्कॉटिश मिशनची सुरुवात एका मराठी शास्त्र्यानं करावी, ही गोष्ट आपल्याकडं फारशी सांगितली जात नाही. ती वारंवार सांगितली पाहिजे.

गुरुजींच्या प्रश्नाच्या दृष्टीनं गोऱ्ह्यांबद्दल एक गोष्ट महत्त्वाची आहे. ते डॉक्टर नव्हते, वैद्य नव्हते. पैसा त्यांनी कधी जवळ बाळगला नाही. राहणी बैराग्याची. त्यांच्याकडं देण्यासारखं होतं ते बोलणं आणि सोबत. ज्याला ऐकायचं तो बसे, नको असेल तो उठून घरी जाई. कुणाचं पोर त्यांच्या औषधावर अवलंबून नव्हतं, की कुणाची चूल त्यांच्या धान्यावर पेटत नव्हती. अशा माणसानं आपला विश्वास कितीही ठासून मांडला, वाद घातला, ग्रंथ लिहिले, तरी त्याला कुणी ‘फायदा घेतला’ असं म्हणू शकत नाही. समोरचा मोकळा होता. वादात गोऱ्हे कुणाला सोडत नसत, पण कुणाला बांधूनही ठेवत नसत.

दवाखान्यात हे बदलतं. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही.

त्यानंतर चांद्याला आले अलेक्झांडर वूड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतलं चांदा मिशन म्हणजे बऱ्याच अंशी वूडच. १९०६ साली या मिशनची हकिकत सांगणारं ‘इन अँड आउट ऑफ चांदा’ हे त्यांचं पुस्तक निघालं. १९१९ साली ते छोटा नागपूरचे बिशप झाले आणि १९२६ साली नागपूरचे. म्हणजे ज्या माणसानं गोंड मुलखात उमेदीची वर्षं घालवली, तोच आता सगळ्या मध्य प्रांताच्या अँग्लिकन मंडळीवर होता. अशा वेळी त्यांच्यापुढं एक तरुण पाद्री येऊन उभा राहिला. त्याचं नाव व्हेरियर एल्विन.

एल्विन ऑक्सफर्डचे. १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, साबरमतीला गेले आणि गांधीजींचेच होऊन गेले. जमनालाल बजाज यांनी त्यांना गोंडांमध्ये काम करायला सुचवलं. त्यांच्या सोबतीला होते श्यामराव हिवाळे. आपला मराठी ख्रिस्ती तरुण. पुढं १९४७ साली अहमदनगर कॉलेज उभं करणारे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे हे श्यामरावांचे भाऊ. एल्विन आणि श्यामराव ३० जानेवारी १९३२ रोजी मैकल डोंगरातल्या करंजियाला पोचले. मातीच्या झोपड्या, गवताची छपरं, आश्रमाला नाव संत फ्रान्सिसचं. दवाखाना काढला, शाळा काढली, कुष्ठरोग्यांसाठी जागा केली. आणि एक गोष्ट पहिल्यापासून स्पष्ट ठेवली की कुणाला ख्रिस्ती करण्यासाठी आपण इथं आलेलो नाही.

बिशप वूड यांनी एल्विनना पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना नाकारला. आधी राजनिष्ठेची शपथ घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. काँग्रेसशी उघड नातं असलेल्या एल्विनना ती घेणं शक्य नव्हतं. प्रकरण ताणत गेलं आणि १९३५ साली एल्विन यांनी चर्च सोडलं.

या प्रसंगाकडं मी अनेक वर्षं वळून वळून पाहतो आहे. शपथेची अट मला मुळीच मान्य नाही. प्रभूच्या मेजाजवळ उभं राहण्यासाठी इंग्लंडच्या राजाचं नाव मध्ये आणायचं कारण नव्हतं, आणि त्या हट्टापायी मंडळीनं एक मोलाचा माणूस गमावला. पण शपथ बाजूला ठेवली तरी वूड आणि एल्विन यांच्यात एक खरा मतभेद उरतो, आणि तो नेमका गुरुजींचा आहे. वूडसारख्या जुन्या मिशनऱ्याच्या लेखी सुवार्तेशिवायचं मिशन म्हणजे मिशनच नव्हे. एल्विनच्या लेखी औषधाबरोबर सुवार्ता दिली की औषधाची किंमत वसूल केल्यासारखं होतं. मला वाटतं, एल्विनचा पहिला भाग बरोबर होता : दुखणाऱ्या माणसाच्या मदतीला कसलीही अट चिकटलेली असू नये, अपेक्षेचीसुद्धा. मात्र तिथून ते पुढं गेले ते कायमच्या मौनाकडं, आणि मग हळूहळू सांगण्यासारखं त्यांच्याजवळच काही उरलं नाही. हे माझं दुःख आहे. सेवेसाठी विश्वास झाकून ठेवला की तो तसाच सुरक्षित राहतो, असं होत नाही.

श्यामरावांबद्दल मात्र जितकं लिहावं तितकं थोडं. एल्विन ‘बडे भाई’ आणि श्यामराव ‘छोटे भाई’. एल्विन मोठे लेखक झाले, १९५४ साली ईशान्येकडं गेले, देशभर त्यांचं नाव झालं. श्यामराव पाटणगडलाच राहिले. दुखणी-खुपणी, भांडणं, कोर्टकचेऱ्या, लग्नं, सगळ्यात लोकांच्या सोबत. प्रधानांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९४६ साली निघालं. विदर्भातल्या किती चर्चमध्ये आज त्यांचं नाव घेतलं जातं? घ्यायला हवं. रविवारच्या शाळेतल्या मुलांना लिव्हिंग्स्टन सांगतो, तर हिवाळेही सांगावेत.

आता इतिहासातून आपल्या दिवसांत येतो, कारण गुरुजींचं पूर्ण उत्तर मला एका नर्सबाईंकडून मिळालं आहे.

बाई निवृत्त आहेत. गडचिरोली जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात आयुष्य गेलं. मेंदूपर्यंत चढलेला मलेरिया, सिकलसेलच्या कळा, सापाचं विष, अडलेली बाळंतपणं. रात्रपाळीला आल्या की हात धुताना नळाशीच त्या मिनिटभर डोळे मिटून प्रार्थना करत. मग वॉर्डात जात. खाटांखाली नातेवाईक चटया टाकून झोपलेले असत, त्यांच्या पायांवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेनं. तापात बरळणारं मूल असलं की त्याच्या उशाशी उभ्या राहून पुन्हा एकदा प्रार्थना, ओठांतल्या ओठांत. रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी येशूबद्दल एक शब्द त्या कधी बोलल्या नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाल्या, “पडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही जी. सलाईन माझ्या हातात. मी काही बोलली तर तो हो हो म्हणेल. त्या होचं मी काय करू?”

एटापल्लीकडचा एक माडिया माणूस. पोराला घेऊन काही रात्री त्या वॉर्डात काढल्या, पोरगं वाचलं, घरी गेलं. डिसेंबरात तो माणूस बाईंचं घर शोधत आला. बांबूच्या टोपलीत नव्या धानाचे तांदूळ, वरून पळसाची पानं. बाईंनी चहा केला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, “बाई, माज्या पोराच्या खाटेपाशी उभ्या राहून तुमी कोनाचं नाव घेत होत्या जी?”

तेव्हा बाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. येशू कोण, तो आजाऱ्यांना कसा शिवत असे, त्याला वधस्तंभावर कसं मारलं, तो कसा उठला आणि आपण त्याच्यावर का विसंबतो. दुपार टळून गेली. तो ऐकत राहिला, मध्ये मध्ये विचारत राहिला, आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी परत गेला. तो ख्रिस्ती झाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तांदूळ घेऊन आला. बाई त्याच्या पोरासाठी आजही रोज नाव घेऊन प्रार्थना करतात.

गुरुजी, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला यात दिसतं. सलाईन हातात असताना गप्प राहायचं. समोरचा स्वतःच्या पायावर, स्वतःच्या मनानं आला आणि त्यानं विचारलं, तर अर्धवट सांगायचं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात तयार राहायला सांगितलं आहे ते विचारणाऱ्याला उत्तर द्यायला, आणि तेही सौम्यतेनं. विचारणारा त्या वचनात आधीपासून आहे.

बाकी मग मिशन म्हणजे काय, हे पाहायचं तर रविवारची उपासना संपल्यावर चर्चमध्ये थोडं रेंगाळावं. मी ज्या मंडळीत जातो तिथं वेस्ट्रीच्या दारामागं एक फळा आहे. त्यावर आठवड्याची वाटणी खडूनं लिहिलेली असते : कुणाच्या घरी बाळंतीण आहे तिथं डबा कुणाचा, दवाखान्यात रात्री कोण बसणार, कोळसा खाणीत पाय मोडलेल्या भावाच्या पेन्शनचे कागद घेऊन ऑफिसात कोण जाणार. घर ख्रिस्ती आहे की नाही याची खूण फळ्यावर नसते. बल्लारपूर, माजरी, घुग्घूसच्या वस्त्यांत मराठी, तेलुगू, हिंदी, मल्याळी सगळे शेजारीशेजारी आहेत. चांद्याचं कॅथलिक काम १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार मंडळीकडं आलं आणि १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला, तेव्हापासून मल्याळी सिस्टर मराठी शिकून या वस्त्यांतून फिरताहेत. त्यांच्यावर एक वेगळा लेख मनात आहे.

आणि मे महिन्यात गावाकडं जावं. तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे अंधारात माणसं जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणतात, मग घरोघर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं सुरू होतं. त्याच दिवशी बांधून फडीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या जागी, नेले नाहीत तर पान वाळतं आणि मजुरी बुडते. माझ्या ओळखीच्या एका गावात मंडळीची सभा त्या दिवसांत रात्री जेवणानंतर भरते. त्याआधी, दुपारी, ज्या घरात पुडे बांधायला हात कमी आहेत तिथं मंडळीतल्या बायका जाऊन बसतात. एक विधवा आजी, तिची लहान नात आणि ओसरीभर पानं. बांधता बांधता बोलणं निघतं. आजी आपल्या पेर्सा पेनची, गोंडांच्या मोठ्या देवाची, गोष्ट सांगते, या बायका आपल्या प्रभूची सांगतात. दोन्हीकडून प्रश्न येतात. संध्याकाळी पुडे मोजून आजीच्या नावावर फडीवर जमा होतात आणि ज्या तिच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या त्या आपापल्या घरी जातात. इथं घर आजीचं आहे. नको वाटलं तर विषय बदलायचा हक्क तिचा.

गुरुजींनी पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट लिहिली आहे : ‘नियोगी समितीबद्दल तुम्ही कधी लिहिणार?’ पुढच्याच आठवड्यात लिहितो. १९५४ साली जुन्या मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी ती नेमली, राजधानी नागपूर होती आणि चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशातच होता. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. सदस्यांत वर्ध्याचे एस. के. जॉर्ज, स्वतः ख्रिस्ती आणि गांधीजींच्या वाटेवरचे. १९५६च्या अहवालातली एक शिफारस तर सरळ आजच्या विषयाचीच आहे : वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट वापर करण्यावर कायद्यानं बंदी घालावी. अहवालातलं काय मला पटतं आणि कुठं माझा तीव्र विरोध आहे, ते नीट उलगडून मांडायला एक अख्खा भाग लागेल. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातला प्रचाराचा हक्क आणि स्टॅनिस्लॉस खटल्यातला १९७७ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल हेही त्यातच घेतो.

सिरोंचा त्यानंतर. तोवर ज्यांच्या घरात चांदा मिशनच्या शाळेचे जुने दाखले, वसतिगृहातले फोटो, आजोबा-पणजोबांच्या बाप्तिस्म्याचे कागद असतील, त्यांनी मूळ कागद जपून ठेवून प्रत तेवढी पाठवावी. सिरोंच्याकडच्या तेलुगू कुटुंबांकडून आलेलं काही मिळालं तर फारच बरं होईल.