राजाची सही, पंतप्रधानाची सत्ता

ब्रिटनमध्ये संसदेने संमत केलेले कोणतेही विधेयक राजाच्या संमतीवाचून कायदा होत नाही आणि पंतप्रधानाची नेमणूकही राजाच करतो. परंतु अशी संमती नाकारल्याचे शेवटचे उदाहरण १७०८ सालचे आहे, आणि तेव्हाही ॲन राणीने स्कॉटलंडच्या नागरी सेनेविषयीचे विधेयक अडवले ते मंत्र्यांच्याच सल्ल्यावरून. ही स्थिती कोणत्याही एका कायद्याने ठरवलेली नसून ती संकेतांवर, म्हणजे न्यायालयामार्फत बजावता न येणाऱ्या परंतु सर्वांनी बंधनकारक मानलेल्या राजकीय प्रथांवर उभी आहे.

सल्ला विचारला जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि इशारा देण्याचा, असे तीनच हक्क राजाकडे उरतात, असे राज्यघटनेचे भाष्यकार वॉल्टर बॅजट यांनी १८६७ मध्ये मांडले. पंतप्रधानाशी होणाऱ्या साप्ताहिक भेटीत हे हक्क वापरले जातात. मात्र त्या भेटीचे टिपण ठेवले जात नसल्याने राजाचा शब्द किती वजनदार ठरतो हे मतदारांना तपासता येत नाही, आणि म्हणूनच या प्रभावाला निव्वळ औपचारिक म्हणणे योग्य नव्हे.

तथापि राजाच्या हातून सुटलेली सत्ता गेली कोठे, हा प्रश्न याहून अधिक महत्त्वाचा आहे. संसदेच्या कायद्यातून न आलेले, राजपदाकडे परंपरेने चालत आलेले जे विशेषाधिकार आहेत, ते आज मुख्यतः मंत्रिमंडळच वापरते. ब्रेक्झिटची मुदत जवळ येत असताना, २८ ऑगस्ट २०१९ रोजी बालमोरल येथे प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजपदाच्या औपचारिक सल्लागार मंडळाच्या, बैठकीत, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यानुसार एलिझाबेथ राणीने संसदेच्या सत्रसमाप्तीचा, म्हणजे चालू अधिवेशन संपवून सभागृहांचे काम थांबवण्याचा, आदेश मंजूर केला. संकेतानुसार हा सल्ला तिला नाकारता येण्याजोगा नव्हता. २४ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने तो सल्ला बेकायदेशीर आणि सुमारे पाच आठवड्यांची ती सत्रसमाप्ती मुळातच शून्यवत ठरवली. संसदेचे रक्षण अखेर न्यायालयाला करावे लागले, कारण आदेश राणीच्या नावाने निघाला असला तरी निर्णय पंतप्रधानाचा होता.

असेच १९९९ मध्येही घडले. राजाच्या विशेषाधिकारांना किंवा खासगी हितसंबंधांना स्पर्श करणाऱ्या विधेयकासाठी त्याची पूर्वानुमती लागते, आणि इराकवरील लष्करी कारवाईचा अधिकार संसदेकडे सोपवू पाहणाऱ्या खासगी विधेयकाला ती सरकारच्या सल्ल्याने नाकारण्यात आल्यामुळे ते विधेयक तेथेच थांबले.

भारताने हीच संसदीय पद्धत स्वीकारली, परंतु राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागावे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ७४ मध्ये स्पष्टपणे नोंदवले. स्वीडन त्याहून पुढे गेला: १९७५ पासून अमलात असलेल्या तेथील राज्यघटनेनुसार राजा कायद्यांवर सही करत नाही, आणि पंतप्रधानपदासाठी नाव सुचवण्याचे काम संसदेच्या अध्यक्षाकडे आहे.