हडसनकाठची पन्नास वर्षे

‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ १९७० साली निघाले आणि केट मिलेट हे नाव अमेरिकेत घराघरांत पोचले. कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध तो. आपल्याकडेही स्त्रीवादाच्या अभ्यासकांना मिलेट माहीत आहेत त्या याच पुस्तकामुळे. त्या मुळात शिल्पकार होत्या, हे मात्र मागे पडते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन वर्षे जपानमध्ये राहून त्यांनी शिल्पे केली, टोकियोत प्रदर्शन भरवले. पुस्तकाचा पैसा हाती आल्यावर, १९७१पासून, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला पकिप्सीजवळ त्यांनी शेतजमीन आणि मोडकळीला आलेल्या इमारती घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली. त्यातून १९७८ साली स्त्रियांची कलावसाहत उभी राहिली.

उन्हाळ्यात चित्रकार, शिल्पकार, लेखिका तिथे येऊन राहायच्या. राहण्याच्या बदल्यात सकाळी शेतावर राबायचे आणि दुपारनंतर आपापल्या कामाला लागायचे. सुतारकाम, रंगकाम, डागडुजी सगळे त्याच करायच्या. शेतात पीक होते नाताळच्या झाडांचे. असे झाड विकण्याजोगे व्हायला सात-आठ वर्षे लागतात, आणि दर उन्हाळ्यात छाटणी केली तरच त्याला तो शंकूचा आकार येतो. ही छाटणी वसाहतीतल्या बायका हाताने करत. त्या झाडांच्या आणि मिलेट यांच्या सिल्कस्क्रीन चित्रांच्या विक्रीवर जागेचा खर्च भागवायचा, असा बेत होता. मला या साऱ्या खटाटोपात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कलावंताला निवांतपणा हवा, हे सगळेच म्हणतात. त्या निवांतपणाचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न मिलेट यांनी थेट मातीत उतरून सोडवायला घेतला.

पण सगळा भार एकाच खांबावर होता. १९८०च्या उन्हाळ्यात मिलेट यांनी मानसिक आजारावरची लिथियमची औषधे बंद केली. जवळच्या माणसांना त्या आजारी वाटू लागल्या. त्यांना ती माणसे फितूर झालेली वाटली. ‘द लूनी-बिन ट्रिप’ या १९९०च्या पुस्तकात त्यांनी तो उन्हाळा स्वतःला जराही न वाचवता लिहिला आहे. जमीन त्यांची, नाव त्यांचे, पैसा त्यांचा. त्यामुळे त्या कोलमडल्या की वसाहतीखालची जमीनच हलायची. २०१२ साली जागेचे नाव मिलेट सेंटर फॉर द आर्ट्स झाले आणि २०१७ साली मिलेट पॅरिसमध्ये वारल्या.

हडसन नदीच्या पलीकडे, मोटारीने तासाभराच्या आत, रोझेंडेल नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या खाणींतल्या सिमेंटचा ब्रुकलिन पुलाच्या उभारणीत वाटा आहे. याच गावात १९७४ साली अॅन कॅल्मबाख, ताताना केल्नर, अनिता वेट्झेल आणि बार्बरा लिऑफ बर्ज या चौघींनी विमेन्स स्टुडिओ वर्कशॉप सुरू केले. जागा म्हणजे एक राहते घर: बैठकीच्या खोलीत एचिंग, माळ्यावर हातकागद, तळघरात स्क्रीन प्रिंटिंग. १९८३ साली जवळच्याच बिनेवॉटर वस्तीतल्या जुन्या इमारतीत बिऱ्हाड हलले, आणि ते आजही तिथेच आहे.

इथे सगळ्यांना बांधून ठेवले ते अवजारांनी. मुद्रणाचा प्रेस, कागदाचा हौद, मातीकामाची भट्टी या गोष्टी एकटीला परवडत नाहीत, म्हणून त्या सामाईक. कागदासाठी लागणाऱ्या तंतूंची झाडेही तिथेच लावली जातात. पैशांच्या वाटाही अनेक ठेवल्या: अनुदान, शिकवण्या, जवळच्या किंग्स्टन शहरातल्या शाळांतल्या मुलांचे वर्ग, आणि दरवर्षीची एक जत्रा, जिथे हाताने घडवलेला वाडगा विकत घेतला की त्यात चिली नावाचा तिखट रस्सा वाढून मिळतो.

काम कोणत्या तोडीचे झाले, ते केल्नर यांच्या १९९२च्या ‘फिफ्टी इयर्स ऑफ सायलेन्स’ या दोन पुस्तकांवरून कळावे. आई-वडील दोघेही नाझींच्या छळछावणीतून वाचलेले. एक पुस्तक आईचे, एक वडिलांचे. प्रत्येकात हातकागदाचा ओतीव हात बसवला आहे, त्यावर छावणीत गोंदलेला क्रमांक आहे, आणि पाने त्या हाताभोवती कापलेली आहेत. पान उलटले तरी तो हात हलत नाही. असे पुस्तक साध्या छापखान्यात होण्यासारखे नव्हतेच.

पुढे ‘स्त्रियांसाठी’ या शब्दाची कक्षा रुंदावून ट्रान्स, इंटरसेक्स आणि नॉन-बायनरी कलावंतांनाही दार उघडले गेले. ज्यांना मुख्य प्रवाहात जागा नाही त्यांच्यासाठी जागा, हा मूळ हेतू होता; तो जपायचा तर हेच करणे योग्य होते. २०२४ साली वर्कशॉपला पन्नास वर्षे झाली.

कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी अशी जागा काढायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी या दोन्ही ठिकाणांचा इतिहास शेजारी-शेजारी ठेवून जरूर वाचावा. आणि पहिली खोली बांधण्याआधी जमीन कुणाच्या नावावर राहील, यंत्रे कुणाच्या मालकीची असतील आणि आपल्यामागे किल्ल्या कुणाकडे जातील, हे कागदावर लिहून काढावे.